करळ : शिंपल्यांचा दगड आणि समुद्राची जुनी पातळी

छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही बाजूला पाच-दहा किलोमीटर गेले तरी पायाखाली एकच खडक लागतो. तो म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पत्थर. वेरूळची लेणी त्यातच कोरलेली आहेत, देवगिरीचा कडा त्याचाच तासलेला आहे, आणि शेतातील विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तोही त्याच्यासाठीच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचा हा खडक. तापलेल्या लाव्हारसात शंख-शिंपला टिकणे शक्य नाही, म्हणून 'दगडात शिंपले' ही कल्पनाच मराठवाड्यातील विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटते.

परंतु हाच विद्यार्थी सहलीला अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूडला गेला, तर त्याला असा दगड सहज पाहायला मिळतो. नारळी-सुपारीच्या वाड्यांची कुंपणे, जुन्या घरांची जोती, विहिरींचे कठडे यांत एक पिवळसर-करडा, खरबरीत दगड वापरलेला दिसतो. जवळ जाऊन पाहिले तर तो दगड म्हणजे शिंपल्यांचा चुरा, अख्खे शिंपले, शंख, वाळू आणि मधूनच एखादा काळा गोटा यांची घट्ट झालेली वडीच असते. तिसऱ्या, खुबे, कालवे यांची कवचे ओळखूही येतात. स्थानिक लोक या दगडाला 'करळ' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या परिसराची पाहणी करणाऱ्या इंग्रज भूवैज्ञानिकांनी त्याला 'लिटोरल काँक्रीट', म्हणजे किनाऱ्यावरचे काँक्रीट, असे नाव दिले. नाव अगदी समर्पक आहे. काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंट असते. करळातही खडी आणि वाळू आहेत. सिमेंट कोठून आले, हा आपला पहिला प्रश्न.

सिमेंट कोणी ओतले?

आपल्याकडे बोअरचे पाणी बंबात तापवले की काही महिन्यांत बंबाच्या आत पांढरा, कडक थर बसतो. तो खरवडून त्यावर लिंबू पिळा, फसफस होते. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असला की ते पाणी कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवून कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेते. पाणी तापले की त्यातील वायू निघून जातो, कारण वायू गरम पाण्यात कमी विरघळतात. वायू गेला की बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होते, आणि ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे जेथे असेल तेथेच साचते.

आता बंबाच्या जागी कोकणातील पुळण कल्पा. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी वाळूत मुरते. उष्ण प्रदेशातील समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शियम कार्बोनेट आधीच भरपूर असते, थोडे निमित्त मिळाले की ते बाहेर पडते. ओहोटीला वाळू उघडी पडते. फाल्गुन-चैत्रातील ऊन तिला तापवते, कणांच्या सांध्यांत राहिलेल्या पाण्याची वाफ होते, वायू निघून जातो आणि कणाच्या कडेला कार्बोनेटचे सुईसारखे बारीक स्फटिक धरतात. सहा तासांनी पुन्हा भरती येते, पुन्हा नवे पाणी, पुन्हा थोडे स्फटिक. दिवसातून दोन वेळा, वर्षातून सातशेहून अधिक वेळा हा प्रकार चालतो. शिवाय जमिनीच्या बाजूने वाड्यांतील पावसाचे पाणी वाळूतून समुद्राकडे झिरपत असते. मुळांच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळलेला असतो, त्यामुळे वाटेतील शिंपले थोडे थोडे विरघळवीत ते येते आणि किनाऱ्यापाशी तो माल उतरवते. ही दोन्ही पाणी कोणत्या प्रमाणात काम करतात हे ठिकाणाठिकाणावर अवलंबून असते.

म्हणजे दगडाची खडीही शिंपल्यांची आणि सिमेंटही समुद्राच्या व शिंपल्यांच्याच चुन्याचे. एखाद्याला वाटेल, या कामाला लाखो वर्षे लागत असतील. तसे नाही. पॅसिफिक महासागरातील बेटांवर अशा किनारी दगडात दुसऱ्या महायुद्धातील लोखंडी सामान आणि बाटल्या घट्ट बसलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे काही दशके पुरतात. पाठ्यपुस्तकात 'स्तरित खडक तयार होण्यास फार दीर्घ काळ लागतो' असे वाक्य असते, ते वाचताना हा अपवाद लक्षात ठेवावा.

अशा दगडाला जगभर 'बीचरॉक' म्हणतात. महाराष्ट्रात तो वसई, उत्तन-मनोरीपासून मुंबई, उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड आणि खाली दापोली तालुक्यातील हर्णे, केळशीपर्यंत ठिकठिकाणी तुटक तुटक आढळतो. त्याच्या जातीचा, पण वेगळ्या जन्माचा भाऊबंद म्हणजे पोरबंदरचा दगड. मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील अनेक मोठ्या इमारतींना तो वापरला आहे. त्यातही सूक्ष्म कवचांचा चुरा असतो, आणि त्यातील मिलिओला नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून कार्टर या शास्त्रज्ञाने त्याला 'मिलिओलाइट' म्हटले. मात्र तो बहुतांशी वाऱ्याने उडवलेल्या वाळूच्या टेकड्या घट्ट होऊन झाला आहे. दोहोंतील फरक ओळखायचा कसा? थर पाहा. करळाचे थर पुळणीच्या उताराप्रमाणे समुद्राकडे हलकेच, पाच-दहा अंशांनी, कललेले असतात. वाऱ्याच्या टेकडीतील थर बरेच उभट असतात आणि एकमेकांना छेदतात. दगडात चांगले मोठे शिंपले आणि गोटे असतील तर प्रश्नच मिटला, कारण वारा ते उचलू शकत नाही.

दगडाचे वजन, पोकळी आणि चुना

करळाचा एक लहानसा, आधीच सुटून पडलेला तुकडा मिळाला तर शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्याकडून बरेच काही वदवून घेता येते. तुकडा मिळाला नाही तर हेच प्रयोग विटेच्या तुकड्यावर आणि आपल्या काळ्या जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांवर करा. त्यातूनही शिकायला तेवढेच मिळते.

प्रथम तुकडा उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून तोला. समजा, वजन १८९ ग्रॅम भरले. मग तो दिवसभर पाण्यात ठेवा. पोकळ्यांतील हवेचे बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून वरवर पुसून पुन्हा तोला. समजा, आता २१९ ग्रॅम झाले. नंतर दोऱ्याने टांगून, पाण्यात बुडलेल्या स्थितीत तोला. समजा, ११९ ग्रॅम आले. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार २१९ वजा ११९ म्हणजे १०० ग्रॅम ही तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याची वस्तुमानातील नोंद, म्हणून तुकड्याचे एकूण आकारमान १०० घन सेंटीमीटर. त्यात शिरलेले पाणी २१९ वजा १८९ म्हणजे ३० ग्रॅम, म्हणून पोकळी ३० टक्के. उरलेल्या ७० घन सेंटीमीटर घन पदार्थाचे वजन १८९ ग्रॅम, म्हणजे त्याची घनता २.७. कॅल्साइट या खनिजाची घनता २.७१ आहे. येथे घेतलेले आकडे सोयीचे आहेत. तुमच्या तुकड्यात बेसाल्टचे कण जास्त असतील तर घनता थोडी वाढेल.

दुसरा प्रयोग आम्लाचा आहे आणि तो शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. तुकड्याची पूड करून २० ग्रॅम घ्या. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा चंबू आणि पूड यांचे एकत्र वजन आधी करा. मग पूड थोडी थोडी आम्लात टाका. फसफस पूर्ण थांबेपर्यंत हलवा आणि पुन्हा वजन करा. कमी झालेले वजन हे उडून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम वायू निघतो. समजा, वजन ५.५ ग्रॅमने घटले, तर कार्बोनेट ५.५ भागिले ०.४४ म्हणजे १२.५ ग्रॅम, अर्थात ६२.५ टक्के. थोडा वायू द्रवात विरघळलेला राहतो, म्हणून उत्तर जरासे कमीच येते.

चंबूच्या तळाशी जे न विरघळता राहते ते गाळून, धुऊन, वाळवून भिंगाखाली पाहावे. त्यातील काळे कण लोहचुंबकाला चिकटतील. हे मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांचे कण होत, आणि ते आले सह्याद्रीच्या काळ्या पत्थरातून. तुलनेसाठी आपल्या डोंगरातील काळ्या पत्थराची पूड आम्लात टाकून पाहा. ती सहसा फसफसत नाही. मात्र पत्थराच्या पोकळीत पांढरे स्फटिक असतील तर सावध असावे. आपल्या भागातील बेसाल्टमध्ये झिओलाइट आणि क्वार्ट्झबरोबर कॅल्साइटही असते आणि कॅल्साइट जोरात फसफसते.

येथे खनिजशास्त्रातील एक गंमत सांगितलीच पाहिजे, कारण पुढे तिचा उपयोग आहे. कॅल्शियम कार्बोनेट दोन रूपांत स्फटिकते. एक कॅल्साइट आणि दुसरे अॅरागोनाइट. घटक तेच, अणूंची मांडणी वेगळी. अॅरागोनाइटची घनता २.९३, म्हणजे कॅल्साइटपेक्षा सुमारे आठ टक्के जास्त. पुष्कळ समुद्री प्राणी आपली कवचे अॅरागोनाइटची करतात. कालवाचे कवच मात्र मुख्यतः कॅल्साइटचे असते. अॅरागोनाइट हे फार टिकाऊ रूप नव्हे. पावसाचे पाणी लागत राहिले की ते विरघळते आणि त्याच जागी कॅल्साइट बसते. बाहेरून शिंपला तसाच दिसतो, पण आतील माल बदललेला असतो. क्ष-किरणांच्या विवर्तनाने हा बदल अचूक ओळखता येतो, कारण दोन्ही स्फटिकांत अणूंच्या थरांमधील अंतरे निरनिराळी आहेत.

दगडाचे वय

करळातील शिंपला जिवंत असताना समुद्राच्या पाण्यातील कार्बन घेऊन कवच बांधत होता. या कार्बनमध्ये अत्यल्प प्रमाणात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी प्रकार असतो. प्राणी मेला की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन-१४ क्षय पावू लागतो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. या तत्त्वावर वय मोजण्याची रीत विलर्ड लिबी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बसवली आणि त्यासाठी त्यांना १९६० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ते काम चालू राहिले. धरमपाल अग्रवाल आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या स्टॅटिरा गझदर यांनी १९७०च्या दशकात कोकणातील करळाचा अभ्यास या दृष्टीने केला.

गणित कठीण नाही. समजा, शिंपल्यात आजच्या मानाने ७५ टक्के कार्बन-१४ उरला आहे. तर वय म्हणजे ५,७३० गुणिले १/०.७५ चा लॉगरिदम भागिले २ चा लॉगरिदम, अर्थात ५,७३० × ०.१२४९ ÷ ०.३०१०, म्हणजे सुमारे २,३८० वर्षे. येथपर्यंत अकरावीचा विद्यार्थीही येईल. खरी परीक्षा पुढे आहे.

पहिली अडचण अशी की, समुद्राचे पाणी स्वतःच 'जुने' असते. खोल पाणी शेकडो वर्षे हवेशी संपर्कात येत नाही, तेवढ्या काळात त्यातील कार्बन-१४ घटतो. असे पाणी वर येऊन मिसळते, म्हणून आज मेलेला शिंपलादेखील प्रयोगशाळेत सरासरीने ४०० वर्षांचा वृद्ध भासतो. अरबी समुद्रात मॉन्सूनच्या वाऱ्यांमुळे खालचे पाणी जोराने वर येते, त्यामुळे ही दुरुस्ती आणखी वाढते. दुसरी अडचण साधी पण मोठी आहे. मोजले जाते ते शिंपल्याच्या मरणाचे वय, दगड घट्ट झाल्याचे नव्हे. पुळणीवर आज पडलेला शिंपला दहा वर्षांपूर्वीचा असेल किंवा जुन्या थरातून धुपून आलेला हजार वर्षांपूर्वीचाही असेल.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. वर सांगितलेले अॅरागोनाइटचे कॅल्साइट होताना पावसाच्या पाण्यातील ताजा कार्बन शिंपल्यात शिरतो. याने किती बिघडते? एक उदाहरण करू. खरोखर ४०,००० वर्षांच्या शिंपल्यात मूळच्या कार्बन-१४ पैकी ०.८ टक्केच उरतो. त्यात फक्त पाच टक्के आधुनिक कार्बन मिसळला तर एकूण प्रमाण सुमारे ५.७५ टक्के होते, आणि सूत्रातून वय निघते सुमारे २३,६०० वर्षे! सोळा हजार वर्षांची चूक, आणि यंत्रात काहीच दोष नाही. शिंपला लाखभर वर्षांचा असला, तरी या मिसळीमुळे तो जवळपास एवढाच दिसेल. म्हणून नमुना मोजण्यापूर्वी तो अजून अॅरागोनाइटच आहे काय हे क्ष-किरणांनी तपासून घेतात. जगातील अनेक किनाऱ्यांवरून '३० हजार वर्षांपूर्वीचे उंच किनारे' नोंदवले गेले होते, आणि त्यांतील पुष्कळ वये याच कारणाने संशयास्पद ठरली. संशय घेण्यास आणखी एक कारण होते. तीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा पन्नास मीटरहून अधिक खाली होती. त्या काळातला शिंपला आजच्या भरतीरेषेच्या वर कसा येईल?

समुद्र चढला की जमीन उचलली?

आता आपण मुख्य मुद्द्याकडे आलो. करळ ही पुळणीवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात घट्ट झालेली वस्तू आहे. ती जेथे बनली तेथे त्या वेळी समुद्राची रेषा असली पाहिजे. मग एखाद्या गावी करळाचा थर आजच्या भरतीरेषेच्या दोन मीटर वर असेल तर काय समजायचे? एक तर समुद्र तेव्हा उंच होता, नाही तर जमीन नंतर उचलली गेली.

मुंबईत हा प्रश्न फार चमत्कारिक रूपाने पुढे आला. बेटाच्या सखल भागात आणि पश्चिम बाजूला शिंपल्यांचे हे काँक्रीट आजच्या भरतीच्या वर सापडले. म्हणजे जमीन उचलली असे दिसते. परंतु १८७०च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांची खोडे मिळाली. त्यांतील कित्येक मुळांसकट जागच्या जागी उभी होती. ओहोटीच्या पातळीच्याही खाली! आणि ती खारफुटीची नव्हती, खैराची होती. खैर खाऱ्या पाण्यात उगवत नाही. म्हणजे येथे जमीन खचली असे दिसते. एकाच बेटाची एक बाजू वर आणि दुसरी खाली? बेट एका बाजूला कलले असावे, असे स्पष्टीकरण तेव्हा दिले गेले, आणि ते बरीच वर्षे पुस्तकांतून चालत आले.

माझ्या मते विद्यार्थ्यांनी या स्पष्टीकरणाकडे आदराने, पण बारकाईने पाहावे. त्या काळच्या अभ्यासकांकडे घड्याळ नव्हते. खोडे आणि करळ एकाच काळातील आहेत असे धरले तरच बेट कलवावे लागते. ती निरनिराळ्या काळांतील असतील तर कलवण्याची गरजच नाही.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा उत्तर अमेरिका आणि युरोपवरील हिमाच्या थरांत अडकला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणाचा किनारा तेव्हा पश्चिमेला कितीतरी किलोमीटर दूर होता. याचा पुरावा आज समुद्राखाली आहे. मुंबई-सौराष्ट्रसमोरच्या उथळ समुद्रतळावर 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाचे विस्तीर्ण पठार आहे. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. उथळ पाण्यातच तयार होणारे चुनखडीचे कण आणि शिंपल्यांचे दगड तेथे या खोलीच्या आसपास मिळाले आहेत. म्हणजे त्या काळचे करळच म्हणा ना. पुढे हिम वितळू लागले, पाणी चढत गेले, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ही चढण बहुतेक संपली. १२० मीटर चढण्यास तेरा-चौदा हजार वर्षे लागली असे धरले तर सरासरी वेग वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर पडतो. उपग्रह १९९३ पासून जगाच्या समुद्राची पातळी मोजत आहेत, त्यानुसार आजचा वेग वर्षाला तीन ते चार मिलिमीटर आहे.

ही चढण संपता संपता उष्ण कटिबंधातील अनेक किनाऱ्यांवर समुद्र आजच्याहून थोडा वर, काही ठिकाणी एक ते तीन मीटर वर, पोचला होता आणि मग हळूहळू उतरला. नव्याने आलेल्या पाण्याच्या भाराने समुद्राचा तळ दबला, आणि हिमाचे ओझे उतरलेल्या प्रदेशांभोवतीचा कवचाचा भाग खचून तेथे पाणी ओढले गेले, ही त्याची मुख्य कारणे. आता चित्र असे लावता येते. समुद्र खाली असताना खैराचे रान वाढले, समुद्र चढला तेव्हा ते बुडून चिखलाखाली गेले, आणि समुद्र सर्वांत वर असताना किंवा उतरू लागला असताना करळ घट्ट झाले. जमिनीने तसूभरही हालचाल केली नाही तरी दोन्ही पुरावे जुळतात. जमीन हललीच नाही असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. एवढेच ठरते की, तसे म्हणण्यासाठी वेगळा पुरावा हवा.

'दोन मीटर वर' हे शब्दही तपासून घेतले पाहिजेत. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत सुमारे पाच मीटरचा फरक पडतो, भांगाच्या दिवशी त्याहून बराच कमी. दक्षिणेकडे हा फरक घटत जातो आणि गोव्यास उधाणालाही तो दोन मीटरच्या आसपास असतो. करळ या पट्ट्यात कोठेही घट्ट होऊ शकते. तेव्हा मुंबईजवळच्या एका थरावरून 'समुद्र दोन मीटर उंच होता' असे म्हणणारा अभ्यासक पाच मीटर लांबीच्या काठीने दोन मीटर मोजीत असतो. पावसाळ्यातील लाटा शिंपले भरतीरेषेच्याही वर भिरकावतात, हा आणखी एक गोंधळ. म्हणून नुसते शिंपले उंचावर मिळाले याला किंमत कमी. सूक्ष्मदर्शकाखाली सिमेंटचे स्फटिक पाहतात, ते समुद्राच्या पाण्यात बनलेल्या अॅरागोनाइटच्या सुया आहेत की गोड्या पाण्यात बनलेले कॅल्साइटचे ठोकळे, हे ठरवतात, आणि मगच पातळीबद्दल बोलतात.

विहिरीतील गोडे पाणी

करळाचे महत्त्व भूतकाळापुरतेच आहे असे नाही. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये समुद्रापासून दगड फेकण्याच्या अंतरावर विहिरींना गोडे पाणी असते, याचे प्रवाशांना नेहमी नवल वाटते. वाळू आणि सच्छिद्र करळ यांच्यात मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची १.०२५. लाकडाचा ओंडका पाण्यात बहुतेक बुडालेला आणि थोडाच वर असतो, तसे हे गोड्या पाण्याचे भिंग असते. दाबांचा समतोल लिहिला की उत्तर येते १ भागिले ०.०२५, म्हणजे ४०. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर सीमा ४० मीटर खाली. बाडोन गायबेन या डच अभियंत्याने १८८०च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीच्या हर्झबर्गने १९०१ साली स्वतंत्रपणे हा नियम मांडला.

या नियमाची दुसरी बाजू बोचरी आहे. विहिरीतील पातळी उपशाने १० सेंटीमीटर उतरली की समतोलासाठी खारे पाणी ४ मीटर वर यावे लागते. कोकणात रहाटाने पाणी काढीत तेव्हा उपसा संथ होता, आणि रात्रीतून विहीर भरून येई. विजेचा पंप तासाभरात जेवढे काढतो तेवढे रहाटाला दिवसभरात जमत नसे. मग पाणी मचूळ होते आणि सुपारीची झाडे सर्वांत आधी पिवळी पडतात. प्रत्यक्षात वाळूखाली काही मीटरवरच काळा पत्थर लागतो, त्यामुळे चाळीसपटीचा हिशोब तंतोतंत उतरत नाही. पण पाणी कोणत्या दिशेने बिघडते ते तो बरोबर सांगतो.

करळाचा थर लाटांचा मार थोपवून मागील वाळूलाही धरून ठेवतो. पूर्वी घरे-कुंपणांसाठी तो सर्रास काढला जाई. ताजा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, वाहतुकीचा खर्च नाही, तेव्हा गावकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने किनारपट्टीतील वाळू आणि दगड काढण्यावर निर्बंध आणले. तोवर काही थर कुंपणांत जाऊन बसले होते. कुंपणातील करळ वय सांगू शकते, पण ते कोणत्या उंचीवर, कोणत्या उताराने पडले होते हे सांगू शकत नाही, आणि समुद्राच्या पातळीसाठी हवे असते तेच. म्हणून सहलीत करळ फोडू नये. थराचा उतार किती अंश आणि कोणत्या दिशेला, माथा त्या दिवशीच्या भरतीरेषेपासून किती उंच, तिथी कोणती, थरात कोणते शिंपले, हे वहीत लिहावे आणि शेजारी मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. शिक्षकांनी तिथी लिहिण्याचा आग्रह जरूर धरावा. तिच्यावरून त्या दिवशी उधाण होते की भांग हे नंतरही काढता येते.

सोडवून पाहा

१. करळाची २५ ग्रॅम पूड आम्लात टाकल्यावर वजन ६.६ ग्रॅमने घटले. पुडीत कॅल्शियम कार्बोनेट किती टक्के?

२. वाडीतील विहिरीची पातळी समुद्रसपाटीपेक्षा ६० सेंटीमीटर वर आहे. गायबेन-हर्झबर्ग नियमाप्रमाणे गोड्या पाण्याची सीमा किती खोल असेल? उपशाने पातळी १५ सेंटीमीटर उतरली तर ती किती वर येईल?

३. शिंपल्यात कार्बन-१४ चे प्रमाण ६० टक्के आढळले. समुद्राच्या पाण्यासाठी ४०० वर्षांची दुरुस्ती धरून वय काढा. (१/०.६ चा लॉगरिदम ०.२२१८ घ्यावा.)

उत्तरे : १. ६० टक्के. २. २४ मीटर, ६ मीटर. ३. सुमारे ३,८२० वर्षे.